फाशांचे घरगुती नियम
प्रश्न : आम्ही पाच मित्र दर रविवारी डंजन्स अँड ड्रॅगन्स हा फाशांवरचा भूमिकांचा खेळ खेळतो, नियमांचं २०१४ चं पुस्तक. आमचा डीएम (डंजन मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा) म्हणतो की हल्ल्याच्या वीस बाजूंच्या फाशावर वीस पडला की डॅमेजचा, म्हणजे इजेचा, एक फासा फुल (सर्वात मोठा आकडा) धरायचा आणि दुसरा टाकायचा, आणि पोशन (जादूचं औषध) प्यायला बोनस ॲक्शन, म्हणजे आपल्या पाळीतली छोटी जादा कृती, पुरे. मला हे चीटिंग वाटतं, भांडू का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : पोशनवरून भांडू नकोस बाबा, २०१४ च्या पुस्तकात पोशन प्यायला पूर्ण ॲक्शन, म्हणजे पाळीतली मुख्य कृती, जायची हे खरं, पण इतक्या टेबलांवर लोक तो नियम मोडायचे की शेवटी २०२४ च्या पुस्तकात बोनस ॲक्शनच अधिकृत झाली.

वीसचं मात्र बघा हं. पुस्तकात फक्त फासे दुप्पट टाकायचेत, त्यामुळे दोन्ही फाशांवर एकच पडून पचका होतो आणि मूड जातो, म्हणून हा नियम सगळ्यांना आवडतो, मलाही आवडायचा. पण तो राक्षसांनाही लागू केलात तर? साधा गॉब्लिन, सहाचा फासा अधिक दोन, त्याला वीस पडला की कमीत कमी नऊ डॅमेज, आणि पहिल्या लेव्हलच्या विझार्डकडे (जादूगाराकडे) असतात सात-आठ हिट पॉइंट, म्हणजे जीव, की तो आडवाच! आमच्याकडे पहिल्याच संध्याकाळी असं झालं, विझार्ड खेळणाऱ्या बिचाऱ्याने तासभर खपून कॅरेक्टर बनवलं होतं. तेव्हापासून आमच्यात हा नियम फक्त खेळाडूंना.

हा नियम राक्षसांनाही आहे का, डीएमला एवढंच विचार, आणि गेम सुरू व्हायच्या आधी विचार, मारामारी चालू असताना नको.