बाहेरच्यांशी संपर्क आला की आदिवासी संस्कृती संपतेच का? गोव्यात काय झालं?

संपतेच असं नाही. मी फोंड्याजवळ राहतो, शेजार गावड्यांचा. तेवढ्यावरून सांगतो.

गोव्याचे मूळचे म्हणजे गावडे, कुणबी, वेळीप. (आम्ही मराठी बोलणारेही त्यांच्या लेखी बाहेरचेच, हे आधीच कबूल.) 1510 मध्ये पोर्तुगीज आले आणि पुढे साष्टी-तिसवाडीतले कितीतरी गावडे ख्रिस्ती झाले. इन्क्विझिशन (चर्चचं धर्मन्यायालय) आलं, 1736च्या फर्मानाने लग्नातली हळद आणि अंगणातली तुळससुद्धा गुन्हा ठरवली. 1928 मध्ये मसूरकर महाराजांनी हजारो ख्रिस्ती गावड्यांची शुद्धी केली, म्हणजे त्यांना परत हिंदू करून घेतलं, तर त्या ‘नवहिंदूं’ना ना हिंदू गावड्यांनी जवळ केलं ना ख्रिस्ती गावड्यांनी. एवढ्या उलथापालथीनंतरही ख्रिस्ती गावड्याकडची म्हातारी खांद्यावर देठलीची गाठ मारून तांबडं चौकड्यांचं कापडच नेसायची.

खरं तुटलं ते जमीन सुटली तिथे. काणकोण-केप्याकडचे वेळीप डोंगरउतारावर कुमेरी करायचे. झुडपं तोडायची, वाळली की जाळायची, राखेत नाचणी पेरायची, मग तो उतार काही वर्षं तसाच सोडायचा. गोवा मुक्तीनंतर (1961) वनखात्याने हे आवळत आणलं. त्यात केपें-सांग्यात लोहखनिजाच्या खाणी. या तिन्ही समाजांना अनुसूचित जमातीचा दर्जा 2003 मध्ये मिळाला, 2006 मध्ये वनहक्क कायदा झाला, पण दावे वर्षानुवर्षं रखडले. कुमेरी गेली तशी तिच्यासोबतची गाणीही गेली. ती कामाची गाणी होती, कामच नाही तर म्हणायची कधी?

धालो या बायकांच्या नाचगाण्याचं वेगळं. पौषातल्या रात्री बायका मांडावर (गावातल्या ठरलेल्या पवित्र अंगणात) समोरासमोर दोन रांगा धरतात, एकमेकींच्या कमरेत हात घालून पुढे-मागे झुलत गातात. हल्ली हेच महोत्सवात, माइकसमोर, दहा मिनिटांत. शेजारच्या आजी अशा एका कार्यक्रमाला जाऊन आल्या. मी विचारलं, कसं वाटलं? म्हणाल्या, ‘‘बरें जालें. पूण माचयेर रंभा येना.’’ मांडावर शेवटी एखादीच्या अंगात रंभा येते, ती मंचावर कशी येणार! मानधनातून नातवाची फी भरली म्हणून खूशही होत्या. मला उगीच वाईट वाटत होतं, त्यांना नाही.

पौष आला की त्या मांडावर असतातच. चपला मात्र बाहेर, मलाही काढायला लावतात.