वॉरंटी संपलेली गाडी सर्व्हिसिंगला कुठे टाकावी, कंपनीच्या वर्कशॉपला की गावातल्या मिस्तरीकडे?

तुम्ही विचारलंय ते असं: बदली होऊन अमळनेरला आलात, पेट्रोल गाडी चार वर्षांची आहे, ३८,००० किलोमीटर झालेत. जळगावच्या कंपनी वर्कशॉपने साडेअकरा हजारांचं एस्टिमेट दिलं आणि घरमालक म्हणतात, गावातल्या मिस्तरीकडे चार हजारांत काम होईल. मग जावं कुठे?

मी पारोळ्याचा. एकोणीस वर्षं गाडी चालवतोय, ही तिसरी. दोन्हीकडे नुकसान सोसलंय आणि दोन्हीकडे जीव लावून काम करणारी माणसंही पाहिलीत. आता मी एवढंच बघतो, की बॉनेट उघडं असताना गाडीशेजारी उभं राहू देतात का, आणि काढलेला पार्ट हातात देतात का. जिथे हे होतं तिथे माझी गाडी जाते.

पण आधी कागद काढा. गाडी घेताना शोरूमवाले बऱ्याचदा एक्स्टेंडेड वॉरंटी जोडून देतात आणि आपण विसरून जातो. ती चालू असेल तर मुदत संपेपर्यंत मुकाट्याने जळगावला जा. २०१४ साली भारतीय स्पर्धा आयोगाने चौदा गाडी कंपन्यांना अडीच हजार कोटींवर दंड लावला होता, आणि बाहेर काम केलं म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करता येणार नाही असंही बजावलं होतं. पण त्या आदेशावर अपिलं झाली, आणि इंजिनाचं मोठं काम निघाल्यावर काउंटरवर आपण आयोगाचा आदेश वाचून दाखवणार का? चार पैसे वाचवायला एवढी जोखीम घेऊ नका.

वॉरंटी खरंच संपली असेल तर ते एस्टिमेट पुन्हा वाचा. तुमची ४०,०००ची सर्व्हिस जवळ आलीय आणि ती बहुतेक गाड्यांत मोठी असते, म्हणून आकडा फुगलेला दिसतो. गाडीसोबत आलेल्या पुस्तकात मेंटेनन्सचा तक्ता असतो. ते पान उघडून एस्टिमेटची एकेक ओळ त्याच्याशी ताडून बघा. इंजिन ऑइल आणि ऑइल फिल्टर तर हवेच. एअर फिल्टर, ब्रेक ऑइल आणि गाडीप्रमाणे स्पार्क प्लगही बहुधा तक्त्यात सापडतील. इंजिन फ्लशिंग, थ्रॉटल बॉडी क्लीनिंग, एसीचं डिसइन्फेक्शन, अंडरबॉडी कोटिंग अशा ओळी तक्त्यात नसतील तर सरळ काढायला सांगा. ते काढतात, वाद होत नाही. ऑइल किती लिटर लावलंय तेही बघा. तुमच्यासारख्या छोट्या पेट्रोल इंजिनाला साधारण तीन ते पावणेचार लिटर लागतं, नेमका आकडा पुस्तकात असतो. बिलात साडेचार लिटर असेल तर विचारायलाच हवं.

ब्रेक ऑइलला मात्र कात्री लावू नका. ते हवेतला ओलावा ओढतं, त्यामुळे ते उकळायचं तापमान खाली येतं, आणि लांब उतारावर सारखा ब्रेक दाबताना पेडल मऊ पडतं. चाळीसगावहून पुढे कन्नडचा घाट तुम्ही कधी ना कधी उतरालच.

आता माझे दोन अनुभव. एका मोठ्या वर्कशॉपने मला बिलात नवीन एअर फिल्टर लावला. घरी येऊन डबा उघडला तर आत जुनाच, कपाशीचे तंतू आणि धुळीने काळा पडलेला. परत गेल्यावर बदलून दिला, पण उघडून पाहिलं नसतं तर? दुसरं नुकसान छोट्या गॅरेजात झालं. कूलंट कमी होतं म्हणून पोऱ्याने बोअरचं पाणी ओतलं. आपल्याकडचं बोअरचं पाणी भारी, क्षाराचं. घरातल्या हंड्याला बसतो तसा थर रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसला, आणि मे महिन्यात, पारा ४४ वर, धुळ्याच्या रस्त्यावर काटा लाल रेषेला भिडला. घरची मंडळी आणि लहान पोरगी गाडीत होती, तासभर निंबाखाली बसून काढला. ज्या म्हाताऱ्या मिस्तरीने मग रेडिएटर उघडला, त्याने पहिलाच प्रश्न केला, "हाई पानी कोनी टाकं भाऊ?" मी गेली अकरा वर्षं त्याच्याकडेच जातो. तो ऑइलचा डबा माझ्यासमोर फोडतो आणि जुना फिल्टर पालथा करून दाखवतो. जे जमत नाही त्याला हात लावत नाही, आणि ते आधीच सांगतो.

त्यामुळे मी कामं वाटून टाकलीत. ऑइल, फिल्टर, ब्रेक पॅड, बेल्ट, बॅटरी हे गावात. एअरबॅगचा दिवा, एबीएस (जोरात ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा), ईसीयू म्हणजे इंजिन चालवणारा कॉम्प्युटर, यांचं काही असेल तर कंपनीकडे, कारण तिथे त्या गाडीचा स्कॅनर असतो. तुम्हाला अमळनेरहून जळगावपेक्षा धुळं जवळ पडेल, तिथलंही एक एस्टिमेट घ्या. आणि कंपनीच्या वेबसाइटवर चासी नंबर टाकून रिकॉल, म्हणजे सदोष पार्ट बदलायला कंपनीने गाड्या परत बोलावल्यात का ते तपासा; असेल तर वॉरंटी संपलेली असली तरी तेवढं काम फुकट होतं.

एअर फिल्टरसाठी मात्र ४०,००० ची वाट बघत बसू नका. पुस्तकात धुळीच्या रस्त्यांसाठी बहुधा वेगळी, जवळची मुदत दिलेली असते. आपल्या भागात तीच धरायची.

घरमालकांच्या मिस्तरीला एकदम मोठं काम देऊ नका. आधी फक्त ऑइल आणि फिल्टर द्या. पुस्तकात लिहिलेल्या ग्रेडचं सीलबंद ऑइल आणि कंपनीचा फिल्टर तुम्हीच घेऊन जा, मजुरी आधी ठरवा आणि शेजारी उभे राहा. ड्रेन बोल्टचं (जुनं ऑइल काढायचा खालचा बोल्ट) वॉशर नवीन घालतो का, आणि बोल्ट आधी हाताने फिरवून मग पाना लावतो का, एवढं बघा. सुरुवातीलाच लांब पान्याने जोर लावला की आटे जातात आणि चेंबरचं, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीचं, काम निघतं. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी काढण्याआधी खाली फरशीवर थेंब पडलाय का बघा, डिपस्टिक (ऑइल मोजायची पट्टी) पुसून लेव्हल बघा. आठवडाभर सगळं कोरडं राहिलं तर ब्रेक ऑइल आणि प्लगही त्याच्याकडेच करून घ्या.