इंधन महागतंय म्हणून छोटं विमान घ्यावं का?

ठाण्याच्या एका वाचकांचं पत्र आहे. वय ५१, नोकरी ऐरोलीत, खासगी वैमानिकाचा परवाना हातात, मुलगी अकरावीत. घराचं कर्ज फिटलंय, म्युच्युअल फंडात १ कोटी ६० लाख आहेत. वागळे इस्टेटमधला वडिलांचा गाळा महिना ४० हजारांनी भाड्याने दिलाय. भाडेकरूला काढून तिथे तीन वर्षांत किटपासून, म्हणजे कंपनीकडून मिळणारे सुटे भाग जुळवून, विमान बांधायचा त्यांचा बेत आहे. मोठ्या लायकमिंग इंजिनाचं आरव्ही-९ए हे विमान त्यांच्या हिशेबाने ९० लाखांत पडेल, छोट्या रोटॅक्स इंजिनाचं आरव्ही-१२ सत्तर लाखांत. मन पहिल्यावर आहे, पण इंधनाचे भाव बघून दुसरं घ्यावं का, असं ते विचारतात.

इंधनाचाच हिशेब आधी करू. लायकमिंगला तासाला साधारण ३० लिटर लागतं, रोटॅक्सला १८. वर्षाला ५० तास उडायचं म्हणता, म्हणजे फरक ६०० लिटरचा. लिटरला २०० रुपये धरले तरी वर्षाला १ लाख २० हजार वाचतात. गाळा तीन वर्षं अडकला तर बुडणारं भाडं १४ लाख ४० हजार. तेवढं भरून निघायला छोटं विमान बारा वर्षं उडवावं लागेल. तुमच्या पत्रात इंधनावर दीड पान आहे आणि भाड्यावर एक ओळही नाही, ही मला खरी काळजीची गोष्ट वाटते.

शिवाय कुठे जायचं असेल तर तासाचा हिशेब फसवा ठरतो. आरव्ही-९ए बरंच वेगवान आहे, त्यामुळे शंभर किलोमीटरला त्याला ११ लिटरच्या आसपास लागतं आणि आरव्ही-१२ला नऊच्या आत. फरक दोन-अडीच लिटरचा.

रोटॅक्स गाडीच्या पेट्रोलवर चालतं म्हणून ते स्वस्त, हा तुमचा दुसरा मुद्दा. पण कंपनी या इंजिनाला १० टक्क्यांपर्यंतच इथेनॉल चालवून घेते, आणि आपल्याकडे पंपावर आता २० टक्के मिसळलेलं मिळतं. इथेनॉल पाणी ओढून घेतं, रबरी नळ्या आणि टाकीचं सीलंट खराब करतं. घोडबंदर रोडच्या पंपावरून कॅन भरून न्यायचा बेत सोडून द्या. उरतं १००एलएल, म्हणजे विमानांसाठीचं खास पेट्रोल. इंडियन ऑइल ते २०२२ पासून वडोदऱ्याच्या रिफायनरीत बनवतं. त्यात शिसं असतं, ते रोटॅक्सच्या ऑइलमध्ये साचतं, त्यामुळे ऑइल लवकर लवकर बदलावं लागतं. म्हणजे ते १ लाख २० हजारही पूर्ण हाती लागणार नाहीत.

आता मोठा खर्च. ९० लाखांवर सात टक्के सुटले असते तर वर्षाला ६ लाख ३० हजार झाले असते. पन्नास तासांवर वाटले तर तासाला १२,६०० रुपये, इंधनाच्या दुपटीहून जास्त. आणि पन्नासऐवजी वीसच तास झाले तर तासाला ३१,५००. तुम्ही विमान धुळ्याला ठेवायचं म्हणता. ठाण्याहून धुळे तीनशे किलोमीटर. जाऊन-येऊन गाडीचंच ४० लिटर पेट्रोल जळेल. एका खेपेत दोन तास उडालात तर छोट्या इंजिनाने वाचवलेले २४ लिटर कसारा घाटातच संपले समजा. वर्षाला पंचवीस शनिवार-रविवार धुळ्याला जाणं जमेल का? घरी बसून याचं खरं उत्तर काढा. माझा सगळा सल्ला त्यावर अवलंबून आहे.

परवानगीचा काळही पैशात मोजा. कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीच्या चारकोपात गच्चीवर विमान बांधलं. २०१६ला मेक इन इंडियाच्या प्रदर्शनात ते लोकांनी पाहिलं, नोंदणी २०१७ला झाली, उड्डाणाचा परवाना २०१९ला मिळाला. त्यांचं डिझाइन स्वतःचं होतं आणि तुमचं किट नावाजलेलं आहे, त्यामुळे तुम्हाला इतकं थांबावं लागेलच असं नाही. तरी दोन वर्षं जास्तीची धरा.

मी तुम्हाला नको म्हणणार नाही. हौस खरी आहे आणि पैसा तुमच्या कष्टाचा आहे. पण ९० लाख एकदम काढू नका. मुलीच्या शिक्षणाचे आणि निवृत्तीचे पैसे आधी वेगळे काढा. उरलेल्यात आरव्ही-९ए बसत नसेल तर छोटं घ्यायला तेवढं एकच कारण पुरेसं आहे. ही किटं टप्प्याटप्प्याने मिळतात: शेपूट, पंख, मधला भाग, शेवटी इंजिन. आधी फक्त शेपटाचं किट मागवा, ते घरातल्या खोलीतही जुळवता येतं. पुढच्या टप्प्यांची आगाऊ रक्कम भरून ठेवू नका. व्हॅन्स एअरक्राफ्ट ही आरव्ही बनवणारी कंपनी डिसेंबर २०२३मध्ये दिवाळखोरीच्या संरक्षणाखाली गेली होती, आणि ज्यांनी आगाऊ पैसे भरले होते त्यांच्यापुढेही वाढीव भाव ठेवले गेले. त्यात आपल्याला डॉलरचा चढ-उतार वेगळा. फंडातले पैसे दोन-तीन आर्थिक वर्षांत विभागून काढलेत, तर इक्विटी फंडांच्या दीर्घकालीन नफ्यावरची दरवर्षीची सव्वा लाखाची करमुक्त मर्यादाही वापरता येईल.

गाळ्याचा करार पुन्हा अकरा महिन्यांचा करा. तेवढ्या काळात फ्लाइंग क्लबच्या विमानावर तुमचे प्रत्यक्ष किती तास होतात ते लॉगबुकातून काढा आणि मला कळवा. कोणतं इंजिन, ते तो आकडा समोर ठेवून ठरवू.