लाल पेन हवंय, पण स्क्रीनवर

प्रश्न: आमचं छोटं आर्किटेक्चर ऑफिस आहे, सहा जणांचं. ड्रॉइंग तपासायचं म्हणजे ए१ ची प्रिंट काढायची, सर लाल पेनाने खुणा करणार आणि मग ती ड्राफ्ट्समनच्या टेबलावर जाणार. आता कागद बंद करायचा ठरवलंय, पण जे सॉफ्टवेअर उघडावं त्यात इतकी बटणं की सर म्हणतात प्रिंटच बरी. आम्हाला पेन, मजकूर, बाण, क्लाउड (बदलाच्या जागेभोवती काढतात ती ढगासारखी रेघ) आणि जमलं तर माप, एवढंच पाहिजे. काय घ्यावं?

उत्तर: सरांचं म्हणणं मला पटतं. ए१ म्हणजे ८४१ बाय ५९४ मिलीमीटरचा कागद, पूर्ण प्लॅन एका नजरेत दिसतो, आणि जिना वरच्या मजल्यावर भलतीकडेच निघतोय असल्या चुका अशा एका नजरेतच सापडतात. टॅब्लेटच्या स्क्रीनवर तोच प्लॅन तुकड्या-तुकड्याने बघावा लागतो. म्हणून सॉफ्टवेअरच्या आधी एक मोठा मॉनिटर घ्या, आणि सरांना हातानेच लिहायची सवय असेल तर सोबत पेन चालणारा टॅब्लेट, त्यात हाताचा तळवा टेकला तरी रेघ उमटत नाही ना हे स्वतः लिहून बघा, कारण ते नीट नसेल तर दोन दिवसात सर परत प्रिंटरकडे वळतील.

आता सॉफ्टवेअर. सुरुवात फुकटातल्यापासून करा. ड्रॉइंगची पीडीएफ काढून ती उघडायला ॲक्रोबॅट रीडर किंवा मॅक असेल तर त्यातलं प्रिव्ह्यू, दोन्हीत पेन आणि मजकूर आहे आणि साध्या तपासणीला तेवढं पुरतं. पेनने लिहिण्यावरच भर असेल तर ड्रॉबोर्ड पीडीएफ बघा, ते त्याच कामासाठी बनलंय. ब्लूबीम रेव्हू हे बांधकामातल्या लोकांचंच सॉफ्टवेअर, त्यात क्लाउड, माप, जुनं-नवं ड्रॉइंग एकावर एक ठेवून फरक बघणं सगळं आहे, पण दरवर्षी पैसे भरावे लागतात आणि बटणंही भरपूर, त्यामुळे तुमच्यासारख्या ऑफिसने ते पहिल्या दिवशी घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. सहा महिने साध्यावर काम करा, काय अडतंय ते आपोआप कळेल.

निवड करताना मी सगळ्यात जास्त वजन एका गोष्टीला देतो, ती म्हणजे सरांनी केलेली खूण ड्राफ्ट्समनला त्याच्या मशीनवर कशी दिसते. पीडीएफमध्ये अशी खूण, म्हणजे कॉमेंट, ही पानावर ठेवलेली वेगळी वस्तू असते, म्हणून तिची यादी निघते, तिला उत्तर देता येतं, झालं की टिक करता येते. पण नोट्स लिहायच्या काही ॲपमधून फाइल बाहेर काढली की खुणा पानातच मिसळून जातात, मग यादी नाही आणि काही नाही, ड्राफ्ट्समन बिचारा लाल रंग शोधत बसतो आणि एखादी खूण हमखास राहते. तेव्हा तुमचं सगळ्यात जड ड्रॉइंग घ्या, भरपूर हॅच (भाग भरायच्या बारीक रेघा) असलेला साइट प्लॅन वगैरे, त्यावर पाच खुणा करा आणि दुसऱ्या मशीनवर दुसऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये उघडा. पाचही यादीत दिसल्या आणि झूम करताना फाइल अडकली नाही तर ते सॉफ्टवेअर घ्या.

पीडीएफ थेट कॅडमधूनच, म्हणजे ड्रॉइंग काढायच्या सॉफ्टवेअरमधूनच काढा, स्कॅन करू नका, स्कॅन झूम केलं की फुटतं. आणि ऑटोकॅडमधून काढताना एसएचएक्स (ऑटोकॅडच्या स्वतःच्या) फॉन्टचा मजकूर कधीकधी कॉमेंट म्हणून फाइलमध्ये येतो, शेकडो कॉमेंट दिसतात आणि सरांच्या दहा त्यात हरवतात. तसं झालं तर पीडीएफएसएचएक्स (PDFSHX) हे सेटिंग ० करून फाइल पुन्हा काढा.

मापाबद्दल मात्र जपून. ए१ चं ड्रॉइंग ए३ वर काढलं की लांबी निम्मी होते, १:१०० चं १:२०० होतं. मी स्वतः अशा फाइलवर १:१०० लावून जिना मोजला होता, दीड मीटरचा जिना पाऊण मीटर आला आणि मी तशी लाल खूणही करून मोकळा झालो, ड्राफ्ट्समनने फोन केला म्हणून वाचलो. तेव्हापासून आधी ड्रॉइंगवर लिहिलेलं एखादं लांब माप घेऊन कॅलिब्रेट करतो, म्हणजे ही रेघ एवढ्या लांबीची असं सॉफ्टवेअरला सांगतो, मग आडव्या दिशेचं एक माप ताडून बघतो आणि त्यानंतरच बाकीचं मोजतो.

प्रश्न: एकाच ड्रॉइंगवर तिघांनी खुणा केल्या आणि तीन फाइल झाल्या. आता एकत्र कशा करायच्या?

उत्तर: तिघांचं मूळ ड्रॉइंग तेच असेल तर दोघांच्या कॉमेंट एक्स्पोर्ट करून तिसऱ्याच्या फाइलमध्ये इम्पोर्ट करा, ॲक्रोबॅटमध्ये ही सोय आहे. पण आधी प्रत्येकाने सेटिंगमध्ये आपलं नाव टाकलंय का बघा, नाहीतर कोणी काय सांगितलं ते कळत नाही आणि वाद तिथूनच सुरू होतात. रंगही ठरवून घ्या, बदल लाल, बघितलं आणि ठीक आहे ते पिवळं. न तपासलेला भाग त्यामुळे लगेच दिसतो, आमच्याकडे सगळ्यात जास्त फायदा या पिवळ्यानेच झालाय. पुढच्या वेळी फाइल एकाच शेअर्ड फोल्डरमध्ये ठेवा आणि एकाचं झालं की मगच दुसऱ्याने उघडायची.