शुष्क प्रदेशांच्या संशोधनासाठी देशांनी एकत्र येण्याची गरज आहे का?

प्रत्येक देशाची माती आणि पाऊस वेगळा असताना एकत्रित संशोधनातून काय साधते, असा आपला प्रश्न आहे. पृथ्वीवरील सुमारे ४१ टक्के जमीन शुष्क प्रदेशांत मोडते आणि वाळवंटीकरण राजकीय सीमा मानत नाही. म्हणूनच १९९४ साली संयुक्त राष्ट्रांचा वाळवंटीकरणविरोधी करार स्वीकारला गेला. करार कागदावर राहू शकतो, हे खरे. परंतु बियाण्यांची देवाणघेवाण मात्र प्रत्यक्ष उपयोगी पडली आहे. १९७७ मध्ये स्थापन झालेल्या ‘इकार्डा’ या शुष्क प्रदेशांतील शेतीवर संशोधन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेची सीरियातील अलेप्पोजवळची जनुकपेढी (पिकांच्या वाणांचे बियाणे जपून ठेवण्याची जागा) युद्धामुळे वापरता येईनाशी झाली, तेव्हा नॉर्वेतील स्वालबार्डच्या बीजकोठारात ठेवलेले तिच्या वाणांचे नमुने २०१५ मध्ये परत मागवून लेबनॉन व मोरोक्को येथे त्यांची पुन्हा लागवड करण्यात आली.

उजाड जमिनीच्या पुनरुज्जीवनाचे सर्वांत बोलके उदाहरण मला पश्चिम आफ्रिकेतील नायजर या देशाचे वाटते. तेथील दक्षिण भागातील शेतकऱ्यांनी नवी रोपे लावण्याऐवजी जमिनीत जिवंत राहिलेल्या जुन्या खुंटांना व मुळांना फुटलेले धुमारे निवडून, छाटून जोपासले आणि सुमारे ५० लाख हेक्टरांवर झाडे परतली. (रोपे लावण्याचे समारंभ अधिक दिसतात, पण त्यांतली किती जगली याची मोजणी क्वचितच होते.) हे तंत्र इतर देशांत जसेच्या तसे लागू पडत नाही: मुळे शिल्लक आहेत का, चराई कोण आवरणार आणि वाढलेल्या झाडावर हक्क कोणाचा, हे तेथील संशोधकांनी स्थानिकांसह आधी तपासावे लागते.