तलावाचं पाणी तपासायला निघालेल्या नव्या विद्यार्थ्यांसाठी

पवईसारख्या तलावासाठी विद्यापीठाने काही करायचं असेल, तर सफाईच्या फोटोंआधी सलग नोंदी हव्यात. प्रयोगशाळा हाताशी असते, त्याचा उपयोग करा.

सुरुवात विरघळलेल्या ऑक्सिजनपासून. नमुना सूर्योदयाच्या सुमारास घ्या. शेवाळ दिवसा ऑक्सिजन सोडतं, रात्री तोच वापरतं, त्यामुळे दुपारचा आकडा फसवा. २५ अंशांच्या गोड्या पाण्यात हवेतून लिटरला साधारण ८ मिलिग्रॅम मावतो. दुपारी १२ मिलिग्रॅम दिसला तर खूश होऊ नका, शेवाळ माजलंय. म्हणून तापमान आणि वेळ लिहायलाच हवी.

३०० मिलीची बीओडी बाटली (पाण्यातला ऑक्सिजन मोजायची घट्ट बुचाची काचेची बाटली) पाण्याखाली तिरकी धरून हळूहळू भरा आणि बूच पाण्यातच लावा. बुडबुडा राहिला तर नमुना बाद. काठावरच २ मिली मँगनीज सल्फेट, मग २ मिली अल्कली-आयोडाइड-अझाइड घाला. साका तपकिरी आला तर ऑक्सिजन आहे, पांढराच राहिला तर जवळजवळ नाही. अझाइड विषारी, हातमोजे घाला, उरलेलं बेसिनमध्ये ओतू नका.

जलपर्णी काढून काठावर रचू नका. कुजली की तिच्यातलं नायट्रोजन-फॉस्फरस पावसाबरोबर परत तलावात. खरं दुखणं सांडपाण्याचं. एप्रिल-मेमध्ये, पाऊस नसताना वाहणारे नाले नकाशावर टिपा आणि ती यादी फोटोंसह वॉर्ड ऑफिसला द्या. त्याआधी आपल्याच हॉस्टेलची गटारं कुठे जातात ते बघा.

आणि पवईत मगरी आहेत. एकट्याने पाण्यात उतरू नका.