‘बर्निंग बुश’ला ‘जळकं झुडूप’ म्हणावं का?

प्रश्न असा : अनुवाद करायच्या कथेत अमेरिकेतल्या एका अंगणात ऑक्टोबरमध्ये लालभडक झालेलं ‘बर्निंग बुश’ आहे. त्याला ‘जळकं झुडूप’ म्हटलं तर चालेल का?

‘जळकं’ नकोच. जळकी भाकरी, जळकं लाकूड. जळून झाल्यावरचं हे विशेषण. माणसाला लावलं तर तो मत्सरी ठरतो. ‘बर्निंग बुश’ हे नाव ज्या कथेवरून आलं, तिच्यात तर नेमकं उलट आहे. बायबलमधल्या ‘निर्गम’ या पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायात मोशे या प्रेषिताला दिसलेलं झुडूप पेटलेलं असतं, पण भस्म होत नाही. म्हणून ‘जळतं झुडूप’. मराठी बायबलातही ‘झुडूप’ हाच शब्द आहे.

गंमत म्हणजे त्या झुडपाची पानं लाल असल्याचं तिथे कुठेच म्हटलेलं नाही. मूळ हिब्रू शब्द ‘सनेह’, ग्रीक भाषांतरात ‘बातोस’, म्हणजे काटेरी झुडूप. इजिप्तमधल्या सिनायच्या सेंट कॅथरिन मठात ‘तेच हे’ म्हणून जपलेलं झुडूप रासबेरीच्या जातकुळीतलं, साधं हिरवं आहे. लाल पानांना हे नाव बागवाल्यांनी दिलं, आणि तेही एकाहून अधिक झाडांना. त्यामुळे अनुवादकाने आधी झाड ठरवावं.

अमेरिकी अंगणातलं बहुधा युऑनिमस अलाटस. मूळचं चीन, जपान, कोरियाकडचं. फांद्यांवर बुचासारख्या पातळ पट्ट्या उभ्या असतात, ही पक्की खूण. ‘अलाटस’ म्हणजे पंखवाला. भरपूर ऊन मिळालं तर पानं पेटल्यासारखी लाल होतात, सावलीत गुलाबीच राहतात. पक्षी बिया रानात नेतात आणि तिथे ते माजतं, म्हणून मॅसॅच्युसेट्स, न्यू हॅम्पशरमध्ये त्याच्या विक्रीला बंदी आहे. ते अमेरिकेत आलं 1860च्या सुमारास. कथा त्याआधीची असेल तर झाड तिथलंच युऑनिमस अॅट्रोपर्प्युरिअस समजावं.

जपानमधल्या टेकड्यांवर लाल गोळे दिसत असतील तर तो कोचिया, म्हणजे बॅसिया स्कोपारिया. वर्षभरात संपणारा, चाकवताच्या कुळातला. आपल्याकडे तो फेब्रुवारी-मार्चमध्ये पेरतात. बी मातीत खोल गाडू नये, उगवायला उजेड लागतो. पण इथे तो उन्हाळी शोभेचा, त्यामुळे हिरवाच ओळखीचा; लाली यायला लहान होत जाणारे दिवस आणि गार रात्री लागतात.

हेच नाव असलेलं तिसरं झाड डिक्टॅम्नस अल्बस, पण त्याच्या नावाचं कारण लाली नाही. पानं हिरवीच, पण निवांत, कडक उन्हात त्यातून सुटणारी तेलकट वाफ काडी लावली की भप्पकन पेटते आणि झाड मात्र शाबूत राहतं. नावाला खरं जागणारं हेच! फक्त हात लावू नये. रस लागलेल्या कातडीवर ऊन पडलं की फोड येतात.

‘अग्निशिखा’ वापरायचा मोह होईल, पण ती म्हणजे कळलावीची वेल. पळस फुलांनी पेटतो, पानांनी नाही. कोशिंबाची पानं लाल असतात खरी, पण ती कोवळी, वसंतातली. युऑनिमसची लाली पानं गळण्याआधीची.

युऑनिमसला रूढ मराठी नाव नाही. मात्र त्याच कुळातली मालकांगोणी आपल्याकडे आहे, आणि तिचं संस्कृत नाव ‘ज्योतिष्मती’. तरी ते नाव इथे उसनं घेऊ नये, वाचक वेल समजेल. कथेत मोशेचा इशारा असेल तर ‘जळतं झुडूप’ ठेवा. नुसतं अंगणाचं वर्णन असेल तर ‘कुंपणाचं युऑनिमस लालभडक पेटलं होतं’ एवढं पुरे.